लुगडं, देह आणि ओळख

८ जुलै १९२१ रोजी मुंबईत ‘संयुक्त मानापमान’ या संगीत नाटकाचा प्रयोग झाला. टिळक स्वराज्य फंडासाठी ललितकलादर्श आणि गंधर्व नाटक मंडळी या दोन तोलामोलाच्या कंपन्या एकत्र आल्या होत्या. नायक धैर्यधर झाले केशवराव भोसले आणि नायिका भामिनी झाले बालगंधर्व. रंगभूमीवर लिहिणारा प्रत्येक जण कधी ना कधी या प्रयोगापाशी येतोच, पण आज मला तो त्यातल्या गाण्यांसाठी आठवत नाही. रंगमंचावर एकमेकांच्या प्रेमात पडणारे ते दोघेही पुरुष होते. भामिनी झालेले बालगंधर्व, म्हणजे नारायण श्रीपाद राजहंस, संसारी गृहस्थ होते. आणि धैर्यधराची तलवार कमरेला लावणारे केशवराव लहानपणी ‘शारदा’तली शारदा म्हणून गाजलेले. समोर बसलेल्या प्रेक्षकांना हे सगळं ठाऊक होतं. कुणाचाही गोंधळ उडाला नाही.

त्या काळातल्या घरंदाज बायका बालगंधर्वांचं बघून लुगडं नेसायच्या, त्यांच्यासारखा अंबाडा घालून त्यात फुलं माळायच्या. स्त्रीचं सौंदर्य कसं मिरवावं हे महाराष्ट्राला एका पुरुषाने शिकवलं आणि महाराष्ट्राने ते आनंदाने शिकून घेतलं. याच बालगंधर्वांनी १९३५ साली ‘प्रभात’च्या ‘धर्मात्मा’ चित्रपटात संत एकनाथांची भूमिका केली. विष्णुपंत पागनीसही आधी स्त्रीपार्टी, म्हणजे स्त्रीभूमिका करणारे नटच. तुकारामांवरच्या १९३६ सालच्या चित्रपटानंतर लोकांच्या मनात तुकारामाचा चेहरा म्हणून त्यांचाच चेहरा बसला. अंगावरचा वेश, चालण्याबोलण्याची ढब ही एक गोष्ट आणि आतला माणूस ही दुसरी, एवढं आपल्या पणजोबांना न शिकवता कळत होतं.

आता दुसरं नाव घेतो, गणपत पाटील. कोल्हापूरचा हा नट तमाशापटांत ‘नाच्या’ म्हणून इतका गाजला की त्याला दुसरं काही करूच दिलं गेलं नाही. हातवारे, टाळी, मुरकणं, लाडिक हेल, हे सगळं त्यांनी मेहनतीने घडवलं होतं. घरी बायकापोरं असलेला हा माणूस पडद्याबाहेरही ‘तसलाच’ ठरला. लोकांनी टोमणे मारले, संशय घेतला, त्याची झळ घरच्यांनाही लागली. २००८ साली ते गेले तोवर महाराष्ट्राने त्यांच्या कामाला हसूनच दाद दिली होती.

भामिनीला मान आणि नाच्याला हेटाळणी, असं का झालं? दोघेही पुरुष, दोघेही बायकी ढब वठवणारे. फरक एवढाच की बालगंधर्व पूर्ण स्त्री उभी करत. नाच्या मात्र पुरुषाच्या वेशात राहून बायकी वागतो, म्हणजे ठरवून दिलेल्या दोन्ही चौकटींच्या बाहेर उभा राहतो. लोकांना लुगडं खुपत नव्हतं, ही सरमिसळ खुपत होती. आजही तीच खुपते. ‘पण मग तो नक्की आहे तरी कोण?’ हा प्रश्न वाचक मला पत्रांतून विचारतात, कधी एखाद्या नटाबद्दल, कधी शेजारच्या मुलाबद्दल. त्या एका प्रश्नात किमान चार प्रश्न गुंतलेले असतात, आणि ते सोडवून वेगळे केल्याशिवाय कुणालाही न्याय देता येणार नाही, असं माझं ठाम मत आहे.

वेश आणि ढब यांचा प्रश्न सर्वांत वरवरचा, कारण तो डोळ्यांना दिसतो. सिंधुदुर्गात जत्रांच्या दिवसांत रात्री देवळाच्या मागच्या पडवीत दशावतारातल्या स्त्रीपार्टीला तयार होताना बघावं. मी बघितलं तो नट उकिडवा बसला होता. समोर पेटारा उघडा, एका हातात आरसा, दुसऱ्या हाताने भुवया कोरणं चाललेलं, आणि खांदा व कान यांच्यामध्ये दाबून धरलेल्या फोनवर भाताच्या मळणीचं बोलणं. आवाज घोगरा, रानात हाळी देणाऱ्याचा. फोन ठेवला, गंगावन बसवलं, निऱ्या एकदा चापून घेतल्या आणि उठला तो वेगळ्याच पावलांनी. हार्मोनियमचा सूर लागेपर्यंत खांदे उतरले होते, मान कलली होती. सकाळी हाच माणूस खळ्यात उभा असणार. त्याच्याविषयी त्या पावलांवरून काय सांगता येतं? तो कसलेला नट आहे, एवढंच. तो मनाने कोण आहे, कुणावर प्रेम करतो, हे त्यातून कळत नाही. आणि उलटही खरं आहे. अशा वेशात कुणाला पोटापाण्याचा धंदा मिळाला असेल, तर कुणाला आयुष्यात पहिल्यांदा आपण आपल्यासारखे आहोत असंही वाटलं असेल. बाहेरून बघून हा निवाडा करता येत नाही.

मुळात पुरुषांनी लुगडं नेसायची वेळ का आली? चार लोकांसमोर रंगमंचावर उभं राहणं कुळवंत बाईचं काम नाही, असं समाजाने ठरवलं होतं म्हणून. हा देहाचा नियम नव्हता, तो माणसांनी केलेला होता. समाजशास्त्राची मंडळी याला ‘लिंगभाव’ म्हणतात: बाईने काय करावं, पुरुषाला काय शोभतं, याचा गावाने आणि काळाने लिहिलेला हिशेब. तो किती बदलता असतो ते बघायला फार लांब जावं लागत नाही. घरातला रोजचा स्वयंपाक बाईचा, पण लग्नाचा आचारी पुरुष. गावात कुणी पुरुष फुगडी घालायला लागला तर लोक हसतील, वारीत मात्र पुरुषांनी फुगडी धरली की तेच लोक हात जोडतात. भिकबाळी पुरुषाचाच दागिना. पुरुष रंगमंचावर लुगडं नेसत त्याच काळात केवळ स्त्रियांच्या नाटक मंडळ्याही होत्या आणि तिथे दाढीमिशा लावून राजे-सरदार बायकाच होत. पुढे हिराबाई बडोदेकरांसारख्या गायिका बैठकीत आणि रंगमंचावर मानाने उभ्या राहिल्या, आणि ‘कुळवंत बाई गात नाही’ हा नियम एका पिढीत मोडून पडला. बाईचा देह बदलला नव्हता, बाईपणाचा कायदा तेवढा बदलला.

मग देहाचं काय? तो तरी सरळ असेल, अशी आपली समजूत असते. बहुतेकांच्या बाबतीत असतोही. पण गर्भात पहिले सहा-सात आठवडे मुलगा आणि मुलगी यांची जननग्रंथी सारखीच दिसते. पुढे वाय गुणसूत्रावरचं एसआरवाय नावाचं जनुक सक्रिय झालं तर वृषण घडू लागतात. हे जनुक शास्त्रज्ञांना १९९० साली सापडलं. त्यानंतर वृषणांतून पाझरणारी संप्रेरकं, ती ओळखणाऱ्या पेशी, बाहेरचे अवयव, अशी साखळी चालते. यातली एखादी कडी वेगळी निघू शकते. गुणसूत्रं एक्स-वाय, पण शरीर त्या संप्रेरकाला दादच देत नाही, असंही असतं. मुलगी मुलीसारखीच वाढते आणि पाळी आली नाही म्हणून डॉक्टरकडे नेल्यावर हे कळतं. सुईण किंवा डॉक्टर जन्मतःच जे सांगतात ते बाहेरच्या अवयवांकडे बघून. बाकीच्या कड्या तेव्हा कुणी तपासलेल्या नसतात.

ओडिशाची धावपटू द्युती चंद हिला देहाच्या अशा तपासण्या भर तारुण्यात सोसाव्या लागल्या. तिच्या शरीरात टेस्टोस्टेरॉन निसर्गतःच जास्त आहे, या कारणावरून २०१४च्या ग्लासगो राष्ट्रकुल स्पर्धेच्या तोंडावर तिला संघातून काढलं गेलं. चाचण्या कशासाठी चालल्यात हे आपल्याला नीट सांगितलंच नाही, असं तिने नंतर सांगितलं. ती क्रीडा लवादाकडे गेली. ज्या नियमावरून तिला काढलं होतं तो लवादाने २०१५ मध्ये स्थगित केला, आणि २०१८च्या जकार्ता आशियाई स्पर्धेत तिने १०० आणि २०० मीटरमध्ये रौप्यपदकं आणली. पुढच्या वर्षी तिने आपलं एका मुलीवर प्रेम असल्याचं जाहीरपणे सांगितलं. तेव्हा ‘आम्हाला वाटलंच होतं’ म्हणणारे पुष्कळ निघाले. म्हणजे रक्तातल्या संप्रेरकावरून तिचं प्रेम सिद्ध करायचं आणि प्रेमावरून पुन्हा तिच्या स्त्रीत्वावर शंका घ्यायची! द्युतीने स्वतःला कायम स्त्रीच म्हटलं आहे. तिचं शरीर, तिची ओळख आणि तिचं प्रेम या तीन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि एकीवरून दुसरी ठरत नाही.

खेळात गट पाडावे लागतात, तिथे देहाचा प्रश्न विचारावाच लागतो, हे मला मान्य आहे. जागतिक ॲथलेटिक्स संघटनेने १ सप्टेंबर २०२५पासून जागतिक क्रमवारीच्या स्पर्धांत महिला गटात उतरण्यासाठी एसआरवाय जनुकाची चाचणी आयुष्यात एकदा सक्तीची केली आहे. त्या नियमावर वाद आहेत आणि ते व्हायलाच हवेत. पण त्या चाचणीतून शर्यतीत कोणी कुठे धावायचं एवढंच ठरावं. गावात, घरात, लग्नाच्या बाजारात ती मुलगी ‘नक्की कोण’ हे ठरवायला तो कागद कुणी वापरू नये.

राहिली ओळख. माणूस स्वतःला आतून काय समजतो, याचं उत्तर देणारा साक्षीदार एकच असतो, तो स्वतः. तृतीयपंथीयांच्या हक्कांसाठी लढणाऱ्या लक्ष्मी नारायण त्रिपाठी ज्या खटल्यात बाजू मांडायला उभ्या राहिल्या, त्या ‘नालसा’ खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १५ एप्रिल २०१४ रोजी हेच मान्य केलं: आपली लिंगओळख ठरवण्याचा हक्क ज्याचा त्याला, आणि त्यासाठी शस्त्रक्रियेचा आग्रह धरणं बेकायदा. तृतीयपंथी असलेल्या दिशा पिंकी शेख मराठीत कविता लिहितात, राजकीय पक्षाच्या प्रवक्त्या म्हणूनही बोलल्या आहेत. त्यांचं ऐकताना ‘पण शरीर?’ असं मनात येत असेल, तर आपण इतर कुठल्या कवयित्रीबद्दल असं विचारतो का, हे आधी तपासावं.

तृतीयपंथी व्यक्तींच्या हक्कांचा कायदा मात्र २०१९ साली झाला तेव्हा त्यानेही सगळं एकाच टोपलीत घातलं. त्याच्या मूळ व्याख्येत ट्रान्स स्त्री-पुरुष होते, जन्मतः शरीर वेगळं असलेले होते, आणि किन्नर, हिजडा, अरावनी, जोगता असे समाजही होते. जोगता हे तर यल्लम्मा देवीला वाहिलेल्यांचं जिणं, त्यात धर्म, गरिबी, परंपरा सगळं आलं. एखाद्या बाळाचं शरीर जन्मतः वेगळं असेल तर त्याला सक्षम डॉक्टर हवा, आणि घाईने शस्त्रक्रिया करू नका असं पालकांना सांगणारं कुणी हवं. ट्रान्स तरुणीला घर भाड्याने मिळायला हवं आणि नोकरी हवी. जोगत्याला परडी घेऊन जोगवा मागण्याशिवाय जगण्याचा दुसरा मार्ग हवा. गरजा इतक्या वेगळ्या असताना सगळ्यांना एकच ओळखपत्र देऊन कुणाचंच धड भागत नाही.

नीट विचार केला की वाट सापडते, हेही दिसलं आहे. डिसेंबर २०२२ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने राज्य सरकारला खडसावल्यावर पोलीस भरतीच्या अर्जात तृतीयपंथी उमेदवारांसाठी पर्याय आला आणि शारीरिक चाचणीचे निकष बनवावे लागले. अर्जावर ओळख काय लिहायची आणि मैदानात किती धावायचं, हे दोन प्रश्न सरकारला वेगवेगळे सोडवावे लागले.

शाळांना कुठल्याही न्यायालयाची वाट बघायची गरज नाही. स्नेहसंमेलनाच्या तालमी सुरू झाल्या की एखादा आठवीतला मुलगा लावणी करायची म्हणतो. बाई गप्प होतात, मुलं खिदळतात, घरी वडिलांना निरोप जातो. बाईंनी त्याला एवढंच विचारावं की ठेका धरता येतो का आणि तालमीला रोज येशील का. चौकातल्या ढोलपथकात केस बारीक कापून ताशा वाजवणाऱ्या मुलीलाही याहून जास्त काही विचारू नये. त्या मुलाला किंवा मुलीला पुढे कधी स्वतःबद्दल काही सांगायचं असेल, तर ज्याला सांगावंसं वाटेल असा एक तरी शिक्षक त्या शाळेत असायला हवा. आज तो बहुतेक शाळांत नाही. मुख्याध्यापकांनी या वर्षी तेवढी एक सोय करावी, अशी माझी मागणी आहे.