फाशीची नोंद कोणी ठेवायची?

२४ सप्टेंबर २००८ रोजी भंडाऱ्याच्या सत्र न्यायालयाने खैरलांजी खटल्यात सहा जणांना फाशी आणि दोघांना जन्मठेप सुनावली. मोहाडी तालुक्यातल्या या लहानशा खेड्यात २९ सप्टेंबर २००६ च्या संध्याकाळी जमावाने भोतमांगे कुटुंबातील आई, मुलगी आणि दोन मुलगे अशा चौघांना ठार मारले होते. १४ जुलै २०१० रोजी मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने सहाही फाशीच्या शिक्षा रद्द केल्या आणि आठही जणांना पंचवीस वर्षांची कैद दिली. देशाच्या तुरुंगविषयक आकडेवारीत या प्रकरणाचा ठसा उमटू शकतो तो एवढाच: एका वर्षी महाराष्ट्राच्या रकान्यात सहाची भर, आणि दोन वर्षांनी ‘शिक्षा सौम्य झालेले’ या रकान्यात सहा. मारले गेलेले कुटुंब दलित होते, अनुसूचित जाती-जमाती अत्याचार प्रतिबंधक कायद्याखालचे आरोप सत्र न्यायालयात टिकले नाहीत, उच्च न्यायालयानेही हत्येमागे जातीऐवजी सूड पाहिला, आणि या हत्याकांडावरून महाराष्ट्रभर दलित समाज रस्त्यावर उतरला होता. यातले काहीही त्या सहाच्या आकड्यात मावत नाही.

फाशीच्या शिक्षेची नोंद म्हणजे काय, असा प्रश्न इथूनच सुरू होतो. शासनाने माणसाचा जीव घेण्याचा अधिकार स्वतःकडे ठेवला आहे. तो किती वेळा, कोणावर, कोणत्या पुराव्यावर आणि कोणत्या कारणासाठी वापरला, याचा माणूसवार हिशेब म्हणजे नोंद. भारतात असा हिशेब कोणतीही सरकारी यंत्रणा ठेवत नाही. राष्ट्रीय गुन्हे नोंद ब्युरो १९९५ पासून तुरुंगांची वार्षिक आकडेवारी काढते. तिच्यात वर्षभरात किती जणांना फाशी सुनावली आणि किती जणांची सौम्य झाली, हे मिळते. पण त्या वर्षी शिक्षा झालेल्या माणसाचे पुढे काय झाले, हे त्या तक्त्यांतून शोधता येत नाही. तो दरवर्षी नव्या आकड्यात विरघळतो.

स्वातंत्र्यानंतर देशात किती जणांना फाशी दिली गेली, याचे साधे उत्तरही सरकारजवळ नव्हते. अनेक वर्षे पन्नास-पंचावन्न हा आकडा सरकारी म्हणून सांगितला जात होता. पीपल्स युनियन फॉर डेमोक्रॅटिक राइट्स या संघटनेने विधी आयोगाचा १९६७ चा पस्तिसावा अहवाल उघडून दाखवला. त्याच्या परिशिष्टात १९५४ ते १९६३ या दहा वर्षांतच १,४२२ फाशींची नोंद होती, आणि तीही सगळ्या राज्यांची नव्हती. हा अहवाल शासनानेच मागवलेला होता आणि शासनाच्याच कपाटात होता. पुढे दिल्लीच्या राष्ट्रीय विधी विद्यापीठातील अभ्यासकांनी तुरुंगातुरुंगांना पत्रे लिहून फाशी दिलेल्यांची नावे गोळा केली, तेव्हा हाती लागली ती सातशेहून थोडी अधिक. काही तुरुंगांनी जुने कागद नष्ट झाल्याचे, वाळवीने खाल्ल्याचे कळवले. म्हणजे दहा वर्षांच्या जुन्या सरकारी तक्त्यात जितकी माणसे आहेत, त्यांच्या जेमतेम निम्म्या माणसांची नावे सगळ्या स्वातंत्र्योत्तर काळातून आज मिळतात.

भंडाऱ्यापुरते पाहायचे तर गुंता आणखी वाढतो. १ नोव्हेंबर १९५६ पर्यंत हा जिल्हा मध्य प्रदेशात होता आणि फाशी कायम करण्याचे काम नागपूरच्या स्वतंत्र उच्च न्यायालयाकडे होते. त्यानंतर जिल्हा द्विभाषिक मुंबई राज्यात गेला, १ मे १९६० रोजी महाराष्ट्रात आला, आणि १९९९ मध्ये त्यातून गोंदिया वेगळा झाला. विधी आयोगाच्या त्या दहा वर्षांत भंडाऱ्याच्या न्यायालयातून कोणी फासावर गेले असेल, तर तो माणूस तीन राज्यांपैकी कोणत्या तरी एका बेरजेत आहे. राज्याचे नाव बदलले की तुरुंगाचे दप्तरही हलते. कागद कोणत्या राजधानीला गेले आणि कोणते नागपुरातच राहिले, हे विचारायला कोणी जात नाही, कारण विचारण्यासाठी आधी माणसाचे नाव माहीत असावे लागते.

अशी नोंद ठेवण्याची गरज काय, असे विचारणारे प्रथम सांगतात की निकालपत्र हीच नोंद आहे. फाशी सुनावताना विशेष कारणे लिहून देण्याचे बंधन न्यायालयावर आहे, आणि उच्च न्यायालयाने कायम केल्याशिवाय ती अमलात येत नाही, त्यामुळे दर टप्प्यावर लेखी कागद असतोच. हे खरे आहे, पण अर्धेच. निकालपत्र एका खटल्यापुरते बोलते, आणि अनेक निकालपत्रे शेजारी ठेवल्याशिवाय न्यायव्यवस्थेची सवय दिसत नाही. ‘दुर्मिळातील दुर्मिळ’ ही कसोटी सर्वोच्च न्यायालयाने १९८० मध्ये बच्चनसिंग निकालात घालून दिली, आणि गुन्ह्याबरोबर गुन्हेगाराचाही विचार करा असे सांगितले. नंतर एका निकालात हा दुसरा भाग सुटला, आणि तीच चूक पुढच्या निकालांत उतरत गेली. ती सर्वोच्च न्यायालयानेच २००९ मध्ये महाराष्ट्रातून आलेल्या संतोषकुमार बारियार खटल्यात कबूल केली. तोवर त्या चुकीच्या छायेत दोघे फासावर गेले होते. २०१२ मध्ये चौदा निवृत्त न्यायमूर्तींनी राष्ट्रपतींना पत्र लिहून अशा तेरा जणांची फाशी रद्द करावी, अशी विनंती केली. ही यादी शासनाने स्वतः ठेवायला हवी होती. ती निवृत्त न्यायमूर्तींना करावी लागली.

महाराष्ट्रातलीच आणखी दोन प्रकरणे याहून बोलकी आहेत. नाशिक जिल्ह्यात २००३ मध्ये झालेल्या दरोडा, खून आणि बलात्काराच्या गुन्ह्यात भटक्या जमातीतील सहा जणांना फाशी झाली. सर्वोच्च न्यायालयाने २००९ मध्ये सहाही जणांना फाशीच ठोठावली, आणि ५ मार्च २०१९ रोजी त्याच न्यायालयाने सहाही जणांना निर्दोष ठरवले. जिवंत वाचलेल्या साक्षीदाराने पोलिसांच्या छायाचित्रसंग्रहातून वेगळेच चौघे ओळखले होते, ही गोष्ट कागदावर होती. तिचा पाठपुरावा झाला नाही. सोळा वर्षांनंतर प्रत्येकाला पाच लाख रुपये भरपाई देण्याचा आदेश झाला. दुसरे प्रकरण पुण्यातील १९९४ च्या हत्याकांडाचे. त्यात फाशी झालेला एक जण गुन्ह्याच्या वेळी साडेबारा वर्षांचा होता, हे मार्च २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मान्य केले. अठ्ठावीस वर्षे तुरुंगात काढून तो नागपूर मध्यवर्ती कारागृहातून बाहेर पडला. खटल्याच्या कागदांत त्याचे एक नाव होते आणि राजस्थानातल्या शाळेच्या दाखल्यात दुसरे. शाळेच्या दाखलखारिज रजिस्टरातल्या एका ओळीने त्याचा जीव वाचवला. तीच ओळ वेळेवर पाहिली गेली असती, तर त्याच्यावर प्रौढ म्हणून खटलाच चालला नसता. निकालपत्र हीच नोंद असे म्हणणाऱ्यांनी या दोन्ही प्रकरणांतली जुनी निकालपत्रे वाचावीत. ती पूर्ण होती, कारणांसह होती, आणि चुकीची होती.

दुसरा आक्षेप अधिक भावनेचा आहे, आणि भंडाऱ्यात त्याला वजन आहे. गुन्हेगारांची गणती करणाऱ्यांना मेलेल्यांची आठवण नसते, नोंदीच्या नावाखाली फाशी रद्द करण्याचा प्रचार चालतो, असे तो म्हणतो. २००८ चा निकाल अनेकांना न्याय वाटला होता, आणि २०१० चा त्यांना जखमेवर मीठ चोळल्यासारखा वाटला. ही वेदना खोटी नाही. पण ती नोंदीच्या विरोधात जात नाही, उलट ती नोंदच मागते. त्या वेदनेतला प्रश्न केवळ ‘सहा जणांना फाशी का नाही’ एवढा नव्हता. हत्येचे कारण जात होते, मग निकालात ती का नाही, हा त्याचा गाभा होता. फाशी किती झाल्या, एवढेच मोजणारी वही या प्रश्नाला कधीच उत्तर देणार नाही. प्रत्येक शिक्षेसमोर बळी कोण, आरोपी कोण, कोणता कायदा लावला, त्यातला कोणता भाग टिकला आणि कोणता गळाला, हे लिहिणारी वहीच अत्याचार प्रतिबंधक कायद्याखालचे आरोप किती खटल्यांत गळून पडतात, हे दाखवू शकेल. जो पीडिताच्या बाजूने उभा आहे त्यानेच ही वही मागायला हवी.

नोंद करणाऱ्यांच्या बाजूलाही एक सोपे विधान फिरत असते: फाशी फक्त गरिबांना आणि मागासांना होते. राष्ट्रीय विधी विद्यापीठाच्या २०१६ च्या अहवालाने त्याला मोठा आधार दिला. अभ्यासकांनी फाशीच्या ३७३ कैद्यांच्या किंवा त्यांच्या कुटुंबीयांच्या मुलाखती घेतल्या, आणि त्यांतले सुमारे चौऱ्याहत्तर टक्के आर्थिकदृष्ट्या दुर्बल निघाले. हा निष्कर्ष मान्य करावाच लागतो. पण खैरलांजीत शिक्षा झालेले गावातल्या जमीन असलेल्या शेतकरी समाजांतले होते, आणि मारलेले दलित. म्हणजे सरासरी खरी असूनही प्रत्येक खटला त्या सरासरीत बसत नाही. जी नोंद फक्त आपल्या बाजूची उदाहरणे जमवते, ती नोंद राहत नाही, वकिली होते. पूर्ण वही ठेवली तर ती फाशीच्या समर्थकालाही गैरसोयीची ठरेल आणि विरोधकालाही, आणि तसेच असायला हवे.

आकडा लहान आहे, मग एवढा खटाटोप कशाला, असेही विचारले जाते. २०१२ पासून देशात मोजक्याच फाशी अमलात आल्या: नोव्हेंबर २०१२ मध्ये येरवड्यात अजमल कसाब, फेब्रुवारी २०१३ मध्ये तिहारमध्ये अफझल गुरू, ३० जुलै २०१५ रोजी नागपुरात याकूब मेमन, आणि २० मार्च २०२० रोजी तिहारमध्ये दिल्लीच्या सामूहिक बलात्कार प्रकरणातले चौघे. महाराष्ट्रात फाशीची सोय येरवडा आणि नागपूर या दोनच कारागृहांत आहे. पण फाशी देणे हा शिक्षेचा शेवटचा टप्पा आहे, सगळी शिक्षा नव्हे. २०२२ मध्ये देशातल्या सत्र न्यायालयांनी १६५ जणांना फाशी सुनावली, आणि त्या वर्षाअखेर ५३९ जण फाशीच्या सावलीत तुरुंगात होते. दोन दशकांतला तो उच्चांक होता. सत्र न्यायालयाने सुनावलेल्या फाशींपैकी वरपर्यंत टिकतात त्या शंभरात जेमतेम पाच. बाकीच्या पंच्याण्णवांनी फाशी यार्डात काढलेली वर्षे कोणत्याच खात्यात जमा होत नाहीत. कोल्हापूरच्या बालहत्या प्रकरणात फाशी झालेल्या दोघी बहिणींची शिक्षा मुंबई उच्च न्यायालयाने जानेवारी २०२२ मध्ये जन्मठेपेत बदलली. त्यांच्या दयेच्या अर्जाच्या प्रवासात झालेला अक्षम्य विलंब, हे त्याचे कारण. अर्ज कोणत्या टेबलावर किती दिवस पडून आहे, याची कोणी नोंद ठेवून दाद मागितली असती, तर तो विलंब एवढा लांबला नसता.

गोपनीयतेचा मुद्दा राहतो. फाशीची तारीख आधी कळली तर सुव्यवस्था बिघडेल, असे प्रशासन म्हणते, आणि कसाब व गुरू यांना गुपचूप फाशी दिली गेली. पण २०१४ च्या शत्रुघ्न चौहान निकालात सर्वोच्च न्यायालयाने दयेचा अर्ज फेटाळल्याचे कैद्याला लेखी कळवणे, त्यानंतर किमान चौदा दिवसांची मुदत देणे आणि खटल्याचे कागद त्याला पुरवणे बंधनकारक केले. संयुक्त राष्ट्रांच्या आर्थिक व सामाजिक परिषदेने १९८९ मध्येच सदस्य देशांना फाशी सुनावलेल्या, दिलेल्या आणि रद्द झालेल्यांचे आकडे शक्यतो दरवर्षी प्रसिद्ध करण्याचे आवाहन केले होते. चीन हे आकडे राज्याचे गुपित मानतो. भारताने ती वाट धरण्याचे कारण नाही. इथे खटला उघड्या न्यायालयात चालतो, तर त्याचा शेवटही उघड असायला हवा.

काम अशक्य नाही. अमेरिकेत वॅट एस्पी या एका माणसाने अनेक दशके कागद गोळा करून सतराव्या शतकापासूनच्या पंधरा हजारांहून अधिक फाशी आणि मृत्युदंडांची यादी उभी केली. भंडाऱ्यासारख्या जिल्ह्यात तर तीनच दप्तरे पाहावी लागतील: सत्र न्यायालयाची खटलावही, नागपूर खंडपीठातली आणि त्याआधीच्या नागपूर उच्च न्यायालयातली फाशी कायम करण्याच्या प्रकरणांची यादी, आणि नागपूर कारागृहातली फाशी यार्डाची दैनंदिनी. प्रत्येक माणसाला एक ओळ पुरेल: गुन्ह्याची तारीख, वय आणि वयाचा पुरावा, जात आणि धर्म, बळीची जात, वकील सरकारी होता की खासगी, कोणते कलम लावले, प्रत्येक न्यायालयाने काय ठरवले, दयेचा अर्ज कुठे किती दिवस राहिला, शेवट काय झाला. २००८ च्या पानावर खैरलांजीच्या सहा ओळी येतील, आणि अत्याचार प्रतिबंधक कायद्याच्या रकान्यात सहाही ठिकाणी एकच नोंद करावी लागेल: लावला, टिकला नाही.