पंचविशीतल्या कांजिण्या

आपल्याकडे काही आजारांचं वय ठरलेलं असतं. गोवर, कांजिण्या, गालगुंड हे शाळेच्या पटावर नाव असतानाच उरकून घ्यायचं, असा जुना रिवाज. ‘तुला येऊन गेल्यात ना?’ एवढंच आई-आज्या विचारायच्या, आणि उत्तर ‘हो’ आलं की निर्धास्त व्हायच्या. उत्तर ‘नाही’ आलं तर पुढे काय करायचं, हे मात्र कुणी सांगत नसे. दिवस जात, शाळा सुटे, कॉलेज संपे, नोकरी लागे आणि तो प्रश्न तसाच राहून जाई.

माझ्या बहिणीच्या मुलाचं तसंच झालं. बँकेची परीक्षा पास होऊन तो कुंभकोणमला रुजू झाला. शहरात भाडं परवडेना, म्हणून जवळच्या सुंदरपेरुमाळ कोयिलला खोली घेतली. तंजावर-कुंभकोणम लोहमार्गावर पापनाशम आणि स्वामिमलैच्या मधे हे गाव आहे. सौंदरराज पेरुमाळचं, म्हणजे विष्णूचं, देऊळ आहे आणि त्या देवळावरूनच गावाला नाव पडलं. चहूबाजूंना कावेरीच्या पाण्यावरची भातशेती. फाल्गुन सरता सरता त्याचा फोन आला, ‘मावशी, डासांनी फोडून काढलंय.’ दुसऱ्या दिवशी सणकून ताप. तिसऱ्या दिवशी पाठीवर, पोटावर, टाळूवर, पापण्यांच्या कडांवर पाण्याने भरलेले फोड. बहिणीच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं, तिला हलता येईना. मी निघाले.

घराच्या दाराला कडुनिंबाची जुडी बांधलेली होती. पोस्टमन आला तो ओट्यावरच पत्र ठेवून गेला, दूधवाला फाटकाशी थांबला. ती जुडी दिसली की काय समजायचं ते गावात शेंबड्या पोरालाही माहीत. घरमालकीणबाईंना सगळी आळी मामी म्हणते, म्हणून मीही म्हणू लागले. त्यांचं घराणं देशस्थांचं, सतराव्या शतकात व्यंकोजीराजे भोसल्यांच्या राज्यात येऊन स्थिरावलेलं. घरात अजून तंजावरी मराठी बोलतात, तमिळचा हेल घेऊन. मला पाहताच त्यांनी पहिला प्रश्न केला तो हाच : ‘तुम्हाला येऊन गेल्या आहेत ना?’ मी हो म्हटल्यावरच उंबरा ओलांडू दिला.

आणि मग मी पाहिलं की या घराने एका भाडेकरू पोरासाठी काय काय सोडलं होतं. स्वयंपाकघरात फोडणी बंद. तेलात मोहरी तडतडली की अम्माला त्रास होतो, असं तिथे मानतात. अम्मा म्हणजे मारिअम्मन देवी. ती अंगात उतरली आहे म्हणून हा ताप, हे फोड. त्यामुळे मामींच्या यजमानांसकट सगळे बिनफोडणीचं वरण आणि दहीभात खात होते. मुलासाठी शहाळ्याचं पाणी, ताडगोळे, मऊ भात. त्याच्या अंथरुणावर धुतलेलं पांढरं धोतर आणि त्याखाली कडुनिंबाचा पाला. खाज असह्य झाली की नखं लावायची नाहीत, कडुनिंबाची कोवळी डहाळी अंगावरून हलकेच फिरवायची. मामींनी ते करून दाखवलं. खांद्यापासून मनगटापर्यंत एकाच दिशेने, फोडाला टोक लागणार नाही अशा बेताने. मी लहान होते तेव्हा माझ्या आजीनेही असंच केलं होतं, पण हा हात जास्त सावकाश होता.

इकडे त्याच्या वरिष्ठांचा फोन : कांजिण्याच ना, लहान मुलांचा आजार, तीन दिवसांत ये. नाशिकहून, पुण्याहून नातेवाईक हसून विचारत होते की या वयात हे काय. पोरगा घशातल्या फोडांमुळे दहीभाताचा घास गिळू शकत नव्हता आणि वर त्याला आजारी पडल्याची लाज वाटत होती. मला त्या हसण्याचा संताप आला, अजून येतो. लहान मुलांचा आजार म्हणून हलका, हा हिशेब मुळातच चुकीचा आहे. आजार मुलाला हलका जातो, मोठ्याला नाही. अमेरिकेत लस येण्यापूर्वीचे आकडे आहेत : एक ते चौदा वयाच्या एक लाख रुग्णांत साधारण एकाचा कांजिण्यांनी मृत्यू व्हायचा, तिशी-चाळिशीतल्या रुग्णांत हेच प्रमाण सुमारे पंचवीसपट होतं. मोठ्यांत ताप जास्त, फोड जास्त, आणि मुख्य भीती फुफ्फुसांची. विषाणू तिथे उतरला की न्यूमोनिया होतो. सिगारेट ओढणाऱ्यांना आणि गरोदर बायकांना हा धोका आणखी मोठा.

म्हणून कुंभकोणमच्या तरुण डॉक्टरीणबाईंनी फोड बघण्याआधी त्याला दहा पावलं चालायला लावलं आणि धाप लागते का, कोरडा खोकला आहे का, ते विचारलं. असायक्लोव्हिरच्या गोळ्या दिल्या, दिवसातून पाच वेळा घ्यायच्या. पुरळ उठल्यापासून पहिल्या चोवीस तासांत सुरू केल्या तर या गोळ्यांचा खरा उपयोग. आमचा थोडा उशीर झाला होता, तरी त्यांनी दिल्या. तापासाठी पॅरासिटामॉल, ॲस्पिरिन अजिबात नाही. ओल्या फोडांवर वाटलेली हळद-कडुनिंब थापू नका, खपली धरू द्या, हेही बजावलं. मला धास्ती होती ती मामींची. अम्मा आली असताना औषध द्यायचं नाही, असं मानणारी घरं त्या भागात आजही आहेत आणि त्यात माणसं दगावली आहेत. मामींनी गोळ्यांची पट्टी घेतली, देव्हाऱ्यातल्या मारिअम्मनच्या तसबिरीपुढे क्षणभर ठेवली आणि पाण्याच्या तांब्यासकट त्याच्या हातात दिली. वेळा त्यांनीच भिंतीवरच्या कॅलेंडरावर लिहून ठेवल्या.

या देवीचं आणि भोसल्यांचं नातं जुनं. तंजावरजवळच्या पुन्नैनल्लूरच्या मारिअम्मनचं देऊळ व्यंकोजीराजांना पडलेल्या स्वप्नातून उभं राहिलं, असं सांगतात. रोगाने दृष्टी गेलेल्या एका राजकन्येचे डोळे तिथे परत आले, अशीही आख्यायिका आहे. त्या काळी भीती होती ती देवीच्या रोगाची. कुंभकोणमला वाढलेल्या श्रीनिवास रामानुजन यांना १८८९ च्या डिसेंबरात, दोन वर्षांचे असताना, देवी आल्या होत्या. त्या वर्षी तंजावर जिल्ह्यात हजारो माणसं गेली आणि तो पोरगा वाचला. देवी जगातून गेल्या, पण त्यांच्यासाठी बसवलेली शिस्त कांजिण्यांना मिळाली. रोगी वेगळा ठेवा, घरात पाहुणा नको, तो पूर्ण बरा होईपर्यंत त्याच्याकडून कामाची अपेक्षा नको. वयाची अट त्यात नाही. पंचविशीतल्या माणसालाही अम्माचा मान तोच.

यामागे अनुभव आहे. दक्षिणेत कांजिण्या खरोखरच मोठ्या वयात येतात. थंड देशांत लस येण्यापूर्वी जवळजवळ प्रत्येक मूल दहा-बारा वर्षांचं होईतो हा आजार काढून मोकळं होत असे. तमिळनाडू, केरळ, श्रीलंका इथे मात्र विशी उलटलेली कितीतरी माणसं अजून कोरीच असतात. एकतर उष्ण, दमट हवेत हा विषाणू तग धरत नसावा. दुसरं, विखुरलेल्या खेड्यांत तो घरोघर पोचत नसावा. मग तोच मुलगा किंवा मुलगी शिकायला, नोकरीला शहरात येते, हॉस्टेलात आठ जणांच्या खोलीत झोपते, आणि जे पहिलीच्या वर्गात व्हायचं ते नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षाला होतं.

उशिरा येणाऱ्या आजाराचा सगळ्यात ठसठशीत दाखला उत्तर अटलांटिकमधल्या फेरो बेटांचा आहे. १८४६ मध्ये तिथे गोवर शिरला आणि ७,७८२ लोकांपैकी सहा हजारांहून अधिक आजारी पडले. बाप्ये, बाया, पिकल्या केसांची माणसं, सगळी. पीटर पॅनम नावाच्या पंचविशीतल्या डॅनिश डॉक्टरने गावोगाव फिरून नोंदी केल्या, तेव्हा त्याच्या लक्षात आलं की १७८१ च्या साथीत ज्यांना लहानपणी गोवर आला होता, ते म्हातारे या वेळी ठणठणीत आहेत. पासष्ट वर्षांनीही शरीर विसरलं नव्हतं. आणि ज्यांची गाठ त्या आजाराशी पडलीच नव्हती, त्यांना साठाव्या वर्षीसुद्धा तो सुटला नाही.

आता आपण सगळेच थोडेफार त्या बेटावर राहायला आलो आहोत. काविळीचं बघा. हेपटायटिस ए लहानपणी झाला तर बहुतेक मुलांना कळतही नाही, डोळे पिवळे होत नाहीत, पोट बिघडलं म्हणून विषय संपतो. पाणी स्वच्छ झालं, नळ आले, बाटल्या आल्या, तशी ही भेट पुढे ढकलली गेली. मग २०२४ च्या उन्हाळ्यात एर्णाकुळम जिल्ह्यातल्या वेंगूरला पाणी दूषित होतं आणि धडधाकट तरुण काविळीने अंथरूण धरतात, काही जीव गमावतात. स्वच्छ पाणी नको असं कोण म्हणेल? पण स्वच्छतेने जी पोकळी ठेवली ती भरायला लस हवी, एवढं तरी मान्य करावं. गालगुंडाचं तेच. २०२३-२४ मध्ये केरळात आणि महाराष्ट्रातही त्याची साथ आली. वयात आलेल्या मुलांना, पुरुषांना गालगुंड झाले तर अंडकोष सुजण्याची शक्यता बरीच असते, आणि ते दुखणं पोरं लाजेपायी आईबापांना सांगत नाहीत. सरकारी कार्यक्रमात आपण गोवर आणि रुबेलाची लस देतो, गालगुंडाची नाही. रुबेलाची मोहीम २०१७ च्या फेब्रुवारीत ज्या राज्यांत आधी सुरू झाली त्यांत तमिळनाडू आणि गोवा होते, हे मात्र कौतुकाने नोंदवलं पाहिजे. कारण रुबेला मुलाला किरकोळ, पण गरोदर आईला झाला तर बाळ मोतीबिंदू, बहिरेपण, हृदयाचे दोष घेऊन जन्माला येतं.

कांजिण्यांची लसही आहे, पण सरकारी यादीत नाही. जपानचे मिचिआकी ताकाहाशी १९६४ मध्ये टेक्सासमध्ये काम करत असताना त्यांच्या तीन वर्षांच्या मुलाला कांजिण्यांनी इतकं बेजार केलं की बापाने उरलेलं आयुष्य त्याच विषाणूमागे घालवलं; १९७४ मध्ये लस तयार झाली. आज ती आपल्याकडे खासगी दवाखान्यात पैसे मोजून मिळते आणि सामान्य घराला जड जाते. इथेच माझ्या मनाला टोचणारी गोष्ट आहे. जागतिक आरोग्य संघटना सांगते की ही लस कार्यक्रमात आणायची तर निदान ऐंशी टक्के मुलांना सातत्याने मिळेल अशी तयारी ठेवा. अर्धवट दिली तर आजार संपत नाही, फक्त वय पुढे सरकतं. ग्रीसने रुबेलाच्या बाबतीत हे भोगलं : लस अर्धवट दिली गेली, १९९३ मध्ये साथ आली ती तरुण वयातल्या माणसांमध्ये, आणि दोष घेऊन जन्मलेली बाळं वाढली. आपल्या शहरांतल्या सोसायट्यांत मुलांनी पैसे भरून लस घेतली, म्हणजे वर्गात विषाणू कमी फिरणार. ज्याच्या बापाला ती परवडली नाही, ते पोर आठव्या वर्षी सुटणार आणि बाविसाव्या वर्षी, कामाच्या पहिल्या महिन्यात, भाड्याच्या खोलीत सापडणार. लस घेणाऱ्यांचा यात दोष नाही, त्यांनी घ्यावीच. पण ज्याला ती विकत घेता येत नाही त्याचा विचार सरकारने करायला हवा, आणि तो पूर्ण तयारीनिशी करायला हवा.

भाच्याच्या खपल्या धरल्या. कांजिण्यांचा माणूस पुरळ उठण्याच्या एक-दोन दिवस आधीपासून शेवटच्या फोडाची खपली धरेपर्यंत आजार पसरवतो, तेव्हा तीन दिवसांत कामावर येण्याचा हुकूम म्हणजे काउंटरपुढच्या रांगेला दिलेला प्रसाद होता. डॉक्टरीणबाईंनी तसं पत्रच लिहून दिलं. मामींनी परातीत पाणी उन्हात तापवलं, त्यात हळद आणि कडुनिंबाचा पाला घातला आणि त्याच्या डोक्यावर पहिलं पाणी पडलं. आणखी दोन न्हाणी मधे दिवस सोडून झाली. त्यानंतर स्वयंपाकघरात मोहरी तडतडली, तेव्हा मामींच्या यजमानांना झालेला आनंद लपत नव्हता.

त्या सगळ्या गडबडीत भाच्याची बहीण नाशिकहून भेटायला निघत होती. सहावा महिना. मामींनी माझ्या हातून फोन घेऊन तिला सरळ नाही म्हणून सांगितलं, आणि दुसऱ्या दिवशी डॉक्टरीणबाईंनी कारण दिलं : गरोदरपणात कांजिण्या आईच्या फुफ्फुसांवर जातात, आणि बाळंतपणाच्या आधीच्या पाच दिवसांत किंवा नंतरच्या दोन दिवसांत आल्या तर बाळाच्या जिवावर बेततं. तिने रक्त तपासून घेतलं. तिलाही लहानपणी आल्याच नव्हत्या. गरोदरपणी ही लस देत नाहीत, म्हणून ती बाळंत होईपर्यंत गर्दीपासून जपून राहिली. मुलगी झाली, दोघी सुखरूप आहेत. पहिला डोस तिने गेल्या आठवड्यात घेतला; दुसरा निदान चार आठवड्यांनी घ्यायचा, ती तारीख तिच्या सासूबाईंनी बाळाच्या लसींच्या कार्डावरच, खाली मोकळ्या जागेत लिहून ठेवली आहे.