नवे इंजिन, जुने डबे

यवतमाळहून मूर्तिजापूरला जाणारी अरुंद रुळांची आगगाडी आपल्या भागात 'शकुंतला' या नावाने ओळखली जाई. विसाव्या शतकाच्या आरंभी, मुख्यतः वऱ्हाडातील कापूस वाहून नेण्यासाठी हा मार्ग टाकण्यात आला. दारव्हा, कारंजा अशी गावे घेत ही गाडी मूर्तिजापूरला मुंबई-नागपूर या मोठ्या मार्गाला मिळे. १९९४ साली तिचे वाफेचे इंजिन निवृत्त झाले आणि डिझेलचे इंजिन आले. कोळसा गेला, तेल आले. परंतु त्यासाठी रूळ उखडावे लागले नाहीत. दोन रुळांमधील ७६२ मिलिमीटर हे अंतर नव्या इंजिनानेही पाळले होते. आता अशी कल्पना करा, की नवे इंजिन अधिक दमदार आहे, पण डब्याला जोडण्याची त्याची कडी थोडी निराळी आहे. मग काय होईल? इंजिन एकटेच पुढे निघून जाईल आणि डबे फलाटावरच उभे राहतील!

संगणकाच्या जगात हा प्रकार कल्पनेतला नाही. मोठमोठ्या सर्व्हरांची देखभाल करणाऱ्यांना तो प्रत्यक्ष अनुभवावा लागतो. रात्री संगणकाची मूळ आज्ञावली अद्ययावत केली, संगणक बंद करून पुन्हा सुरू केला, आणि सकाळी पाहावे तो त्याचा जगाशी संबंधच तुटलेला! यंत्र सुरू आहे, दिवे लागले आहेत, पण नेटवर्क नाही. असे का होते आणि त्यावर उपाय कोणता, याचा विचार विद्यार्थ्यांनीही करावा असे मला वाटते. कारण आज सातबाऱ्याचा उतारा, रेशन दुकानातील अंगठ्याची नोंद आणि दहावीचा निकाल या साऱ्या गोष्टी कोठल्या तरी सर्व्हरमधूनच आपल्यापर्यंत येतात. उमरखेडचा किंवा झरी-जामणीचा शेतकरी कार्यालयात ताटकळत उभा असतो आणि 'सर्व्हर डाउन आहे' एवढेच त्याला ऐकवले जाते. त्या तीन शब्दांमागे अनेक कारणे असू शकतात. त्यांपैकी एक कारण हे आहे.

कर्नेल आणि ड्रायव्हर

कर्नेल म्हणजे बीच्या कवचातील गर. संगणकाच्या कार्यप्रणालीचा जो सर्वांत आतला गाभा, त्याला हे नाव दिले आहे. स्मृतीतील जागा कोणाला द्यायची, कोणते काम आधी करायचे, माहिती कोठे ठेवायची, हा सारा कारभार कर्नेल पाहतो. हेलसिंकी विद्यापीठात शिकणाऱ्या लिनस टॉरवाल्ड्स या विद्यार्थ्याने १९९१ साली 'लिनक्स' नावाचा कर्नेल लिहिला. आज जगातील बहुसंख्य सर्व्हर त्यावर चालतात, आणि तुमच्या घरच्या अँड्रॉइड फोनच्या पोटातही तोच असतो.

परंतु बाजारात शेकडो प्रकारची नेटवर्क कार्डे मिळतात. त्या प्रत्येकाची भाषा कर्नेलला कोठून येणार? येथे दुभाष्या लागतो. हा दुभाष्या म्हणजे ड्रायव्हर. 'हे पाकीट बाहेर पाठव' असे कर्नेलने सांगितले, की ड्रायव्हर ते त्या विशिष्ट कार्डाला समजेल अशा संकेतांत मांडतो. कार्डावर काही आले, की ते कर्नेलला कळवतो.

आता लिनक्सचा एक विशेष लक्षात घ्या. साधारणतः दर नऊ-दहा आठवड्यांनी त्याची नवी आवृत्ती निघते. आपण वापरतो त्या नेहमीच्या आज्ञावल्या नव्या आवृत्तीतही पूर्वीसारख्याच चालल्या पाहिजेत, असा टॉरवाल्ड्स यांचा कडक दंडक आहे. मात्र कर्नेल आणि ड्रायव्हर यांच्यामधील आतली जोडणी तशीच राहील, असे वचन कोणी दिलेले नाही. उलट, असे वचन देणे शहाणपणाचे नाही, असे ग्रेग क्रोआ-हार्टमन या नामांकित विकासकाने लिहिले असून ते टिपण कर्नेलच्या कागदपत्रांतच ठेवलेले आहे. जुनी जोडणी कायम ठेवायची म्हटले, की तिच्यातील चुकाही कायम ठेवाव्या लागतात, असा त्यातील युक्तिवाद आहे.

म्हणून प्रत्येक कर्नेलसाठी ड्रायव्हरांचे वेगळे कपाट असते. कर्नेलबरोबर आलेले ड्रायव्हर नव्या कपाटात आपोआप जाऊन बसतात. पण एखाद्या कंपनीच्या संकेतस्थळावरून आणून हाताने बसवलेला ड्रायव्हर जुन्याच कपाटात राहतो. तो उचलून नव्यात ठेवला, तरी त्याच्यावरील आवृत्तीचा शिक्का जुळत नाही आणि कर्नेल त्याला दारातूनच परत पाठवतो. हा अडाणीपणा नव्हे, सावधगिरी आहे. गाभ्यात शिरलेली चुकीची आज्ञावली सगळा संगणक बंद पाडू शकते.

क्वचित ड्रायव्हर ठीक असतो आणि गोंधळ नावाचा होतो. पूर्वी पहिल्या नेटवर्क कार्डाला 'ईथ शून्य' म्हणत. २०१३ पासून कार्ड कोणत्या खाचेत बसले आहे त्यावरून नाव देण्याची पद्धत रूढ होऊ लागली. नव्या आवृत्तीत कार्डाचे नाव बदलले आणि पत्ता जुन्याच नावावर लिहिलेला राहिला, तर पोस्टमनने घर कसे शोधावे?

नेटवर्कच का विशेष?

आवाजाचा किंवा छपाईयंत्राचा ड्रायव्हर बिघडला, तर नवा ड्रायव्हर नेटवर्कवरून उतरवून घेता येतो. पण नेटवर्कचाच ड्रायव्हर बिघडला तर? बादली विहिरीत पडली तर दोराला गळ बांधून ती काढता येते. येथे दोरही बादलीबरोबरच आत गेलेला असतो. त्यातून सर्व्हर शेकडो किलोमीटर दूर असेल, आणि तंत्रज्ञ त्याच नेटवर्कवरून त्याच्याशी बोलत असेल, तर तो संपूर्णपणे हतबल होतो. कोणीतरी उठून त्या यंत्रासमोर जाऊन बसणे एवढाच मार्ग उरतो.

१९ जुलै २०२४ रोजी हे साऱ्या जगाला दिसले. तो प्रसंग लिनक्सचा नव्हता, विंडोजचा होता. आणि बदल कर्नेलमध्ये नव्हे, तर कर्नेलमध्ये बसलेल्या एका सुरक्षा-ड्रायव्हरला पुरवलेल्या माहितीत झाला होता. पण दुखणे त्याच सांध्याचे होते. क्राउडस्ट्राइक या कंपनीने पाठवलेल्या त्या सदोष माहितीमुळे सुमारे ८५ लाख संगणक बंद पडले. मुंबईसह अनेक विमानतळांवर काही विमान कंपन्यांना संगणक बाजूला ठेवून हाताने काम करावे लागले. काही ठिकाणी प्रवाशांना हाताने लिहिलेले पास मिळाले. सदोष फाइल कोणती हे लवकरच कळले होते, पण ती काढण्यासाठी बहुतेक ठिकाणी माणसाला एकेका यंत्रापाशी जावे लागले.

मग बदल करूच नये काय?

'चालते आहे ना, मग हात कशाला लावता?' असे म्हणणारे पुष्कळ लोक भेटतात. त्यांची भीती खोटी नाही. पण त्यांचा निष्कर्ष मला मान्य नाही. २०१६ साली लिनक्स कर्नेलमध्ये 'डर्टी काऊ' नावाचा दोष उघडकीस आला. तो २००७ पासून आत दडून होता, आणि त्याचा फायदा घेऊन साधा वापरकर्ता संगणकाचा मालक बनू शकत असे. ज्यांनी कर्नेल बदलला नाही, त्यांचे दार उघडेच राहिले. २०१७ सालच्या मे महिन्यात 'वॉनाक्राय' या घातक आज्ञावलीने ब्रिटनमधील रुग्णालयांचे काम विस्कळीत केले. तिला अडवणारी दुरुस्ती मायक्रोसॉफ्टने मार्चमध्येच दिली होती! दोन महिने मिळाले, पण अनेकांनी ती बसवली नाही.

आपल्या शकुंतलेकडेच पाहा. तिचे रूळ शंभर वर्षे ७६२ मिलिमीटरवरच राहिले. मूर्तिजापूरचा मोठा मार्ग मात्र १६७६ मिलिमीटरचा. त्यामुळे इकडचा डबा तिकडे जाऊ शकत नव्हता. माल उतरवून पुन्हा भरावा लागे. हळूहळू मालवाहतूक रस्त्याने होऊ लागली आणि अलीकडच्या वर्षांत प्रवासी गाडीही थांबली. तिच्या अडचणी अनेक होत्या, रुळांची रुंदी ही त्यांतील एक. पण न बदलण्याचीही किंमत मोजावी लागते, ती फक्त उशिरा कळते, एवढे त्यावरून निश्चित शिकता येते.

तीन आग्रह

माझा पहिला आग्रह असा, की परतीची वाट ठेवल्याशिवाय कर्नेल बदलू नये. ही वाट फार खर्चाची नाही. जुना कर्नेल पुसून न टाकता यादीत ठेवावा. अनेक लिनक्स प्रणाली तो आपणहून ठेवतात. नवा कर्नेल 'फक्त एकदाच' वापरून पाहण्याची सोय असते. तो चालला तर कायम करावा; यंत्राशी संपर्क झाला नाही, तर पुन्हा सुरू करताच यंत्र जुन्या कर्नेलवर परत येते. चांगल्या सर्व्हरमध्ये देखरेखीसाठी एक स्वतंत्र लहान संगणक व त्याची वेगळी तार असते. ती आधीच जोडून ठेवावी. ड्रायव्हरची प्रत नेटवर्कवर नव्हे, यंत्रातच ठेवावी. आणि महत्त्वाच्या यंत्राआधी तशाच दुसऱ्या यंत्रावर प्रयोग करावा. प्रयोगशाळेत नवे रसायन थेट मोठ्या पात्रात न ओतता आधी परीक्षानळीत घेतात, तसेच हे आहे.

दुसरा आग्रह खरेदीबाबत. शाळा असो, ग्रामपंचायत असो वा जिल्ह्याचे कार्यालय, नेटवर्क कार्ड घेताना किमतीबरोबर आणखी एक प्रश्न विचारावा: 'याचा ड्रायव्हर लिनक्सच्या मूळ संहितेत आहे काय?' असेल, तर कर्नेलची जोडणी बदलणारा विकासकच त्या ड्रायव्हरमध्ये योग्य तो फेरफार करतो. तो ड्रायव्हर घरचा असतो. बाहेरच्या ड्रायव्हरची जबाबदारी त्या कंपनीवर राहते, आणि कंपनीने लक्ष काढून घेतले की कार्ड धडधाकट असूनही भंगारात जाते. यावर मधला उपाय म्हणून डेल कंपनीच्या अभियंत्यांनी २००३ साली 'डीकेएमएस' ही योजना आणली. नवा कर्नेल आला, की ती ड्रायव्हरच्या संहितेतून त्याला जुळणारी प्रत आपोआप तयार करते. उपाय उपयुक्त आहे, पण अपुरा. जोडणी फार बदलली असेल, तर प्रत तयारच होत नाही. म्हणून यंत्र पुन्हा सुरू करण्यापूर्वी ती झाली की नाही, हे डोळ्यांनी पाहिले पाहिजे.

'कंपनीवर विश्वास ठेवा, संहिता कशाला पाहायची?' असे कोणी म्हणेल. त्याने २००८ सालची हकिगत आठवावी. लिनक्स २.६.२७ ही आवृत्ती चाचणीत असताना इंटेलची काही नेटवर्क कार्डे एकाएकी निकामी होऊ लागली. त्यांच्या कायम स्मृतीतील माहितीच बिघडत होती. साहजिकच संशय ड्रायव्हरवर गेला. पण शोधाअंती दोषी निघाली ती कर्नेलमधील काम-नोंदणीची एक सोय! आरंभीच्या कामानंतर मोकळ्या झालेल्या स्मृतीचे पत्ते तिने लक्षात ठेवले होते. पुढे तेच पत्ते कार्डाच्या स्मृतीला मिळाले, आणि जुन्या आठवणीने ती तेथे लिहीत सुटली. अनेकांनी चाचणी-आवृत्ती वापरून पाहिली आणि संहिता सर्वांना वाचता येत होती, म्हणूनच हा दोष सर्व्हरांपर्यंत पोचण्याआधी सापडला. ज्याच्यावर आळ आला तोच गुन्हेगार असेल असे नाही, हा धडा विज्ञानाच्या प्रत्येक विद्यार्थ्याने गाठीशी बांधावा.

तिसरा आग्रह शिक्षकांना. आपण संगणक वापरायला शिकवतो, पण तो सांभाळायला शिकवत नाही. शाळेतील जुना संगणक भंगारात देण्यापूर्वी मुलांच्या हाती द्या. त्यावर दोन कर्नेल ठेवा. एकातून दुसऱ्यात जाताना नेटवर्क राहते की जाते, कोणता ड्रायव्हर बसला आहे, त्याची नोंद वहीत तारीखवार करायला सांगा. गेले तर परत कसे आणायचे, ते मुलेच शोधतील. नव्या शोधांचे कौतुक सर्वांनाच असते. चालू असलेली गोष्ट चालू ठेवणाऱ्याचे नाव कोणी घेत नाही. तरीही पंप दुरुस्त करणारा वायरमन गावाला जितका हवा, तितकाच हा देखभाल करणारा उद्या हवा असणार आहे.

हे काम परक्यांचेच आहे असेही समजू नका. याच मूर्तिजापूर तालुक्यातील मुरंबा गावी जन्मलेल्या डॉ. विजय भटकर यांच्या नेतृत्वाखाली पुण्याच्या सी-डॅकने १९९१ साली 'परम ८०००' हा महासंगणक उभा केला. पुढे सी-डॅकने 'परमनेट' नावाची संगणकांना जोडणारी जाळीही स्वतः घडवली. ज्याने जाळे घडवले, त्याला त्याचा ड्रायव्हरही लिहावा लागतो, आणि कर्नेल बदलेल तसा तो सांभाळावाही लागतो. लिनक्सची संहिता आज कोणालाही फुकट वाचता येते. यवतमाळच्या मुलामुलींना ती वाचण्यासाठी कोणाच्या परवानगीची गरज नाही. हवी ती चिकाटी, आणि एक वही.