दुकानासाठी प्रोग्रॅमर ठेवताय? कोडी घालत बसू नका

परवा बॅचमध्ये एकाने विचारलं, "सर, वेबसाइटसाठी मुलगा ठेवायचाय. मला कोडिंग येत नाही, मुलाखत कशी घेऊ?" आधी माझी चूक सांगतो.

माझं स्टेशनरीचं दुकान. शाळेच्या वह्या-पुस्तकांच्या ऑर्डर ऑनलाइन घ्यायच्या होत्या. मी बीबीए, कोडिंगचा गंध नाही. नेटवरून मोठ्या कंपन्यांचे अवघड प्रश्न उतरवून घेतले, उत्तरांसकट. एका मुलीला 'बायनरी ट्री उलटा कर' म्हटलं, ती अडली. दुसऱ्याने पाच मिनिटांत कागदावर मांडलं. त्यालाच घेतलं. जून उजाडला आणि शेवटची एकच वही दोन-दोन गिऱ्हाइकांना विकली जायला लागली. ते काही त्याला सुधारता येईना. ट्री उलटायची वेळ मात्र आजवर आली नाही!

होमब्रू लिहिणाऱ्या मॅक्स हॉवेल यांनी २०१५ मध्ये जाहीरपणे सांगितलं होतं, की हाच प्रश्न फळ्यावर सुटला नाही म्हणून गूगलने त्यांना नाकारलं. गूगलचे कितीतरी इंजिनिअर तेव्हा त्यांचंच सॉफ्टवेअर वापरत होते, असं त्यांचं म्हणणं.

मग सराव वाईट का? अजिबात नाही. लीटकोडवर रोज दोन तास बसणाऱ्या पोराकडे चिकाटी असते, हे मी मानतो. पण सरावाने येतं ते त्या प्रकारचं कोडं सोडवणं. आणि मोठ्या कंपनीकडे अर्जांचा ढीग असतो. एक चांगला माणूस हातचा गेला तरी त्यांचं अडत नाही. आपल्याकडे येतात तीन अर्ज. चुकलो की सीझन गेला.

त्यापेक्षा सोप्यापासून सुरू करा. 'फिझबझ' विचारा: १ ते १०० आकडे छापायचे, ३ ने भाग जातो तिथे 'फिझ', ५ ने जातो तिथे 'बझ', दोन्हींनी जातो तिथे 'फिझबझ'. ज्याला हेही जमत नाही त्याला चहा पाजून निरोप द्या. जमलं तर तुमच्याच दुकानातलं एक दिवसाचं काम द्या. पैसे देऊन हं, फुकट राबवू नका. मी आता विचारतो, "शेवटचा एकच नग आहे, दोघांनी एकदम ऑर्डर दाबली, काय होईल?" उत्तराआधी तो मला उलट काय विचारतो, तिकडे माझं लक्ष असतं.

त्या मुलीला मी ऑगस्टमध्ये फोन केला. ती तोवर दुसरीकडे लागली होती.