पेरलेले सुरुंग आणि न मोजलेला काळ

युद्धविषयक संगणकीय खेळ हे आपल्या काळाचे महाकाव्य आहे, सबब मराठीच्या अभ्यासकांनी त्यांच्याकडे 'संहिता' म्हणून पाहावे, असा निबंध नुकताच एका चर्चासत्रात ऐकला. टाळ्या पडल्या. महाकाव्याचे सोडून देऊ. संहिता म्हणून पाहायला माझी हरकत नाही. मात्र मग कादंबरीला विचारतो ते प्रश्न इथेही विचारायला हवेत. निवेदक कोठे उभा आहे? काळाचे काय केले आहे? कोणाला पात्र म्हणून प्रवेशच नाही?

निबंधातले उदाहरण 'हार्ट्स ऑफ आयर्न ४' या २०१६ सालच्या खेळाचे होते. २०१९ मध्ये 'मॅन द गन्स' या विस्तारातून त्यात सागरी सुरुंग आले. ते विमानांतूनही टाकता येतात. नकाशावरचा समुद्राचा तुकडा निवडायचा, विमानदलाला कामगिरी द्यायची, की तिथल्या सुरुंगांचा आकडा वाढू लागतो. निवेदक ढगांच्याही वर. सुरुंग म्हणजे एक संख्या.

आता वास्तव. सुरुंग या शस्त्राचा प्राण स्फोटात नाही, वाट पाहण्यात आहे. फेब्रुवारी १९१७ मध्ये 'वुल्फ' या जर्मन जहाजाने मुंबईबाहेरच्या समुद्रात सुरुंग टाकले. (त्या जहाजावर एक छोटे विमानही होते, पण ते मुख्यतः टेहळणीसाठी.) 'मंगोलिया' हे प्रवासी जहाज त्यांपैकी एका सुरुंगावर आदळून बुडाले ते २३ जूनला. मधले चार महिने 'वुल्फ' केव्हाच दूर निघून गेलेले. मारणारा आणि मरणारा एका दृश्यात येतच नाहीत. विमानाने हे अंतर आणखी वाढवले. दुसऱ्या महायुद्धातल्या काही चुंबकीय सुरुंगांत तर मोजणीयंत्र असे : पहिली काही जहाजे सुखरूप जाऊ द्यायची आणि मग पुढच्याखाली फुटायचे. एखाद्या कथाकाराने असली युक्ती योजली तर आपण तिला क्रूर म्हणू.

२७ मार्च १९४५ पासून अमेरिकेच्या बी-२९ विमानांनी जपानभोवतीच्या समुद्रात बारा हजारांहून अधिक सुरुंग टाकले. सुमारे ६७० जहाजे बुडाली किंवा निकामी झाली. मोहिमेचे नाव 'ऑपरेशन स्टार्व्हेशन', सरळ मराठीत उपासमार. निदान नावात तरी लपवाछपवी नव्हती. त्याआधी, जानेवारी १९४५ मध्ये, याच जातीच्या विमानांनी सिंगापूरच्या जलमार्गांत सुरुंग टाकले, ते खरगपूर परिसरातल्या तळांवरून उडून. खरगपूर तेव्हाच्या मेदिनीपूर जिल्ह्यातले. १९४३ च्या दुष्काळात बंगालमधल्या ज्या भागांत माणसे अन्नावाचून मेली, त्यांत हा जिल्हा अग्रभागी. धावपट्टीच्या आसपासच्या त्या गावांना खेळाच्या नकाशात जागा कोठली?

बुद्धिबळातही रक्त सांडत नाही, मग त्यावर का नाही लिहीत, असे चहाच्या वेळी एका सहकाऱ्यांनी विचारले. उत्तर सोपे आहे. बुद्धिबळ इतिहास असल्याचा दावा करत नाही. हा खेळ १९३६ सालापासून तारखा देत पुढे सरकतो, खऱ्या देशांची, सेनानींची नावे वापरतो. आणि आमचे निबंधकार त्याला इतिहासाचे प्रवेशद्वार म्हणतात. जपानने २ सप्टेंबर १९४५ रोजी शरणागतीपत्रावर सही केली. 'मुरोतो मारू' हे प्रवासी जहाज कोबेजवळ सुरुंगाने बुडाले ७ ऑक्टोबरला. शेकडो माणसे गेली, तीही शांततेच्या काळात. हा उत्तरार्ध सांगायचा नसेल, तर प्रवेशद्वार हा शब्द तरी नको.

सुरुंग मला पुस्तकात भेटण्याआधी विहिरीत भेटला. नंदुरबार जिल्ह्यातल्या कोरीटसारख्या गावात काळा पाषाण लागला की पहारीचे काम संपते आणि सुरुंगाचे सुरू होते. भोक पाडायचे, बार भरायचा, वात पेटवण्याआधी चारी दिशांना ओरडून माणसे-गुरे लांब करायची. बार मोजायचे. पाच भरले आणि चारच आवाज आले, तर कोणी विहिरीत उतरत नाही. तो न उडालेला पाचवा सगळ्यांचा होतो. त्याचा निकाल लागेपर्यंत काम ठप्प. लावणाऱ्याने घरी निघून जायचे आणि फुटेल तेव्हा फुटेल म्हणायचे, ही कल्पनाच त्या माणसांना समजणार नाही.

आणि तरीही आपल्या भाषेचे काय? ब्रिटिश विमानदलाने समुद्रात सुरुंग टाकण्याला 'गार्डनिंग', बागकाम, असे सांकेतिक नाव दिले होते. सुरुंग म्हणजे भाजीपाला, आणि सागरी विभागांना फुलाझाडांची नावे. निबंधकार यावर उपहासाने हसले. पण त्याच निबंधात त्यांनी स्वतः चार वेळा 'सुरुंग पेरले' असे लिहिले होते, आणि सभागृहात कोणाला काही खटकले नाही. मलाही नाही, घरी परतल्यावर खटकले. इंग्रजांना निदान बागकाम हे टोपणनाव मुद्दाम शोधावे लागले. आपण तेच रूपक रोजच्या बातमीत, कोणी न सांगता, वापरतो. जून उजाडला की आभाळाकडे बघत जो शब्द शेतकऱ्याच्या तोंडी येतो, तो आपण या कामाला लावला. पेरणाऱ्याला उगवणीची वाट पाहावी लागते, रात्री राखण करावी लागते. विमानातल्या माणसाला यातले काहीच करायचे नसते.

माझ्या वर्गात दिलेल्या टिपणांतही हेच क्रियापद आहे, गेली कित्येक वर्षे. या सत्रापासून तिथे 'टाकले' असे करतो आहे. निबंध छापायला जाणार असल्याचे कळते. त्यातल्या चार जागा कोणत्या, ते लेखकांना कळवले आहे.