पास त्यांचा, वाट आपली



मोह गळायला आता फार दिवस नाहीत. होळीच्या मागं-पुढं झाडाखाली पहिली फुलं पडतील आणि मागल्या हंगामात जे झालं तेच यंदाही होईल, हे धरून चला. जंगलाच्या तोंडाशी आडवा बांबू किंवा साखळी असेल. बाजूला खुर्चीवर बसलेला माणूस विचारील, पास कुठं आहे? अर्ध्या बाया रिकामी टोपली घेऊन घराकडे वळतील. उरलेल्या हातापाया पडून, नाहीतर जाता-येता दोन शेर फुलं ठेवायच्या बोलीवर आत जातील. आणि त्याच साखळीखालून, सकाळी सहा वाजता, सहा माणसं बसलेली जिप्सी सलाम घेऊन आत जाईल.

आम्ही म्हणतो, पास दाखवायचा तो जिप्सीतल्या माणसानं. बायांनी नाही. हे रागानं म्हणत नाही, कायद्यानं म्हणतो.

सानगडीच्या उगवतीला नवेगाव आणि वर, महामार्गापल्याड, नागझिरा. मधे आपण. डिसेंबर २०१३ मध्ये नवेगाव, नागझिरा, नवीन नागझिरा आणि कोका ही सारी जंगलं एकत्र करून व्याघ्र प्रकल्प जाहीर झाला. साडेसहाशेच्या वर चौरस किलोमीटर. तेव्हापासून आपल्या बोलीत 'कोअर' आणि 'बफर' हे दोन शब्द आले. पूर्वी नाकेदार म्हणायचा, 'साहेबाला विचारून येजा.' आता म्हणतो, 'कोअर आहे, बंद आहे.' शब्द नवा, पण साखळी जुनीच.

वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ चा. त्याचं कलम २७ अभयारण्यात कोण जाऊ शकतो ते सांगतं. कामावरचा सरकारी माणूस जाऊ शकतो. ज्याला आत राहायची परवानगी आहे तो जाऊ शकतो. आतल्या जमीन-जुमल्यावर ज्याचा हक्क आहे तो जाऊ शकतो. सार्वजनिक रस्त्यानं पार होणारा जाऊ शकतो. या लोकांच्या घरची माणसं जाऊ शकतात. बाकीच्यांनी कलम २८ खाली परवाना काढायचा. हा परवाना कशासाठी मिळतो? प्राण्यांचा अभ्यास, फोटो, संशोधन, आत राहणाऱ्या माणसाशी कायदेशीर कामधंदा, आणि पर्यटन. राष्ट्रीय उद्यानालाही हेच लागू आहे. म्हणजे पर्यटक हा परवान्यावर आत येणारा माणूस आहे. ती त्याला दिलेली सवलत आहे, आज दिली, उद्या काढली. २०१२ च्या जुलैत सर्वोच्च न्यायालयानं देशभरच्या कोअरमधलं पर्यटन तात्पुरतं थांबवलंच होतं. ऑक्टोबरात नियम आल्यावर ते पुन्हा सुरू झालं, आणि त्या नियमांनीही कोअरच्या फक्त वीस टक्क्यांपर्यंतच पर्यटनाला जागा दिली. दर पावसाळ्यात फाटक त्यांना बंद असतं. बंद करता येतं ते सवलतीला. हक्काला साखळी लावता येत नाही.

आता आपलं बघा. वनहक्क कायदा २००६ चा. त्यात 'वनजमीन' म्हणजे काय हे सांगताना अभयारण्यं आणि राष्ट्रीय उद्यानं नाव घेऊन आत धरली आहेत. कलम ३ मध्ये गौण वनोपजावर मालकी दिली आहे आणि ते गोळा करायला जाण्या-येण्याचा हक्कही दिला आहे, गावाच्या शिवेच्या आत आणि बाहेर. नीट वाचा, आम्ही सभेत तीनदा वाचून दाखवतो: जाण्या-येण्याचा. फूल माझं आणि वाट तुझी, असं या कायद्यात नाही. कलम ४ ची सुरुवातच अशी की इतर कोणत्याही कायद्यात काहीही असलं तरी हे हक्क मान्य केले आहेत. शिकार मात्र यात नाही, ते कायद्यानं स्पष्ट वगळलं आहे. ते आपणही सभेत स्पष्ट सांगतो, कारण एकाच्या फासक्यानं अख्ख्या टोल्याची वाट बंद करायला निमित्त मिळतं.

कुणी म्हणतो, कोअर जाहीर झाला तेव्हा हक्क संपले. संपले नाहीत. हक्कांची दावे-पडताळणी पूर्ण होईपर्यंत कुणाला उठवता येत नाही, हे वनहक्क कायद्याच्या कलम ४ मध्येच आहे. हक्कात बदल करायचाच असेल तर आधी अभ्यास, मग सल्लामसलत, मग ग्रामसभेची लेखी संमती. साखळी लावणाऱ्याच्या खिशात यातला एक तरी कागद असतो का? मागून बघा. 'वरून आदेश आहे' म्हणतील. वरून म्हणजे कुठून, कोणत्या तारखेचा, कोणत्या कलमाखाली, एवढं विचारलं की खुर्चीवरचा माणूस फोन काढतो आणि फोन काही लागत नाही.

आपला जिल्हा पाचव्या अनुसूचीत नाही, म्हणून पेसा कायदा इथं लागू नाही, हे खरं आहे. बरेच कर्मचारी एवढंच पाठ करून येतात. पण वनहक्क कायद्याला अनुसूचित क्षेत्र लागत नाही. तो भंडाऱ्यालाही आहे, गोंदियालाही आहे. आणि त्याच्याही आधीची आपली कागदं आहेत. मालगुजारी १९५१ साली गेली, पण निस्तार गेला नाही. जमीन महसूल संहितेच्या कलम १६१ खाली निस्तार पत्रक आणि १६५ खाली वाजिब-उल-अर्ज गावागावाला आहे. दुसऱ्यात वहिवाटीच्या रस्त्याची नोंद असते. तलाठ्याकडच्या गाव-नकाशात पांदण दुहेरी तुटक रेघेनं दाखवतात आणि पायवाट एकेरी. जंगलाकडे जाणारी ती रेघ एकदा जाऊन बघा. तुमच्या आज्याच्या खासराची चाकोरी आहे ती.

आता रस्ता बंद म्हणजे काय, ते आतल्या गावांना विचारा. एका गावात धान चुरायची मशीन आत सोडली नाही, कारण आवाज होतो. जिप्सीचा आवाज होत नाही वाटतं! दुसऱ्या गावात लग्न होतं, तर वऱ्हाडाची यादी आधी नाक्यावर द्या म्हणाले, नाव, वय, गाव. नवरदेवाच्या मामाचं नाव यादीत राहून गेलं म्हणून मामा तिकडेच बसला. लोक हसून सांगतात. हसण्यासारखं त्यात काहीच नाही. संध्याकाळी फाटक बंद, म्हणून मास्तर लवकर निघतो. मास्तर लवकर निघतो म्हणून शाळा अर्धी. मग एसटी बंद, कारण प्रवासी नाहीत. मग किराणावाला येत नाही. मग एक दिवस साहेब येतात आणि विचारतात, तुम्हाला इथं सोयी नाहीत, बाहेर का येत नाही? कुटुंबाला पंधरा लाख मिळतात. आणि कागदावर लिहितात 'स्वेच्छेनं'.

नवेगावच्या पोटातली कालीमाटी, कवलेवाडा, झंकारगोंदी ही गावं आज तिथं नाहीत. १९ जून २०२४ ला राष्ट्रीय व्याघ्र संवर्धन प्राधिकरणानं राज्यांना पत्र लिहिलं की कोअरमधल्या गावांचं पुनर्वसन प्राधान्यानं करा. त्यात देशभरची ५९१ गावं आणि ६४,८०१ कुटुंबं मोजली आहेत. एवढ्या गावांवर एकाच वेळी पोलीस घालता येत नाहीत. रस्ता मात्र बंद करता येतो. म्हणून पासाची गोष्ट बारकी समजू नका. गाव उठतं ते शेवटच्या दिवशी नाही, साखळी लागते त्या दिवशी.

हे झाडीतच होतं असंही नाही. राजस्थानात जैसलमेर-बाडमेरच्या वाळवंटात मरु राष्ट्रीय उद्यान आहे, ३,१६२ चौरस किलोमीटर, माळढोक पक्ष्यासाठी राखलेलं. आत गावं आहेत, ढाण्या आहेत. त्यांना पक्का रस्ता करायचा, विजेचा खांब रोवायचा, तर परवानगीच्या खेपा. आणि त्याच वाळवंटात समच्या टेकड्यांवर पर्यटक जीपा उडवतात, वाट सोडून, वाळू फोडत. त्याला साहस म्हणतात. त्याच्या जाहिराती असतात. शेळ्यामागून वाट सोडून गेला तर तो गुन्हा. जंगल असो की वाळू, हिशेब एकच.

आपल्या जवळचं उदाहरण घ्या. पवनीला लागून उमरेड-पवनी-कऱ्हांडला अभयारण्य आहे. ३१ डिसेंबर २०२४ ला तिथं गोठणगाव भागात सफारीच्या गाड्यांनी एफ-२ वाघिणीला आणि तिच्या पाच बछड्यांना दोन्हीकडून कोंडलं. सगळ्या गाड्या परवानगीच्या, सगळ्यांकडे पास. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठानं आपणहून दखल घेतली. बरं झालं. पण आधी निलंबित कोण झालं? जिप्सी चालवणारे आणि गाइड. म्हणजे आपलीच पोरं. त्यांनी चूक केली, त्यांना कुणी सोडा म्हणत नाही. मात्र वाघीण जवळून पाहायला मिळावी म्हणून मागच्या सीटवरून 'भैया, थोडा और आगे' म्हणणारा दुसऱ्या दिवशी आपल्या शहरात पोचला होता. त्याच्या वाटेला साखळी लागली नाही. असली गोष्ट मोह वेचणाऱ्या बाईच्या हातून झाली असती तर? कोणत्या टोल्याची वाट किती वर्षं बंद झाली असती, ते तुम्हीच सांगा.

आणि महामार्ग सहा, ज्याला आता ५३ म्हणतात, तो नागझिरा आणि नवेगावच्या बरोब्बर मधून जातो. रात्रभर ट्रक. वाघ-बिबट्याच्या येण्या-जाण्याची वाट हीच. कर्नाटकात बंदीपूरच्या जंगलातला महामार्ग २००९ पासून रात्री नऊ ते सकाळी सहा बंद असतो. तिथं जमतं. इथं ट्रकवाल्याला कुणी पास विचारत नाही, कारण तो सार्वजनिक रस्ता आहे. आमची पांदणही सार्वजनिकच आहे. फरक एवढाच की तिच्यावरून कुणाचा कोळसा जात नाही.

आपल्यात काही जण म्हणतात, भांडण कशाला, नाक्यावर ओळखपत्र करून घेऊ, हंगामापुरता पास देतो म्हणतात तर घेऊ. पोरं गाइड आहेत, त्यांची रोजी जाईल. ही भीती खोटी नाही आणि आम्ही ती हसण्यावारी नेत नाही. पण पास घेतलात की लिहून दिलंत, हा हक्क नव्हता, ही मेहेरबानी होती. पुढच्या वर्षी पासावर फुलांचं वजन लिहिलं जाईल. त्यापुढच्या वर्षी बायांची संख्या. त्यांचं बुकिंग ऑनलाइन झालं, आपल्यालाही ऑनलाइन करा म्हणतील. आम्ही अजून स्टेन्सिल कापून हा अंक काढतो, आणि ते मोह वेचायला ओटीपी मागतील.

वाघाची भीती आपल्याला आहे. भल्या पहाटे वाकून फुलं वेचणारी बाई वाघाला जनावरासारखी दिसते, हे शहरातल्यांनी आपल्याला शिकवायला नको. म्हणून वेळ ठरवायची असेल तर आपण ठरवू. उजाडल्याशिवाय जायचं नाही, एकटीनं जायचं नाही, झाडाखालचा पाला पेटवायचा नाही, खराट्यानं लोटायचा. ताजी विष्ठा किंवा पंजा दिसला तर तो भाग दोन दिवस सोडायचा. हे नियम ग्रामसभेनं केले की ते नियम. जंगल राखायचा हक्क आणि जबाबदारी कायद्यानं ग्रामसभेला दिली आहे, नाक्याला नाही. वाहतुकीचंही तेच. २००८ च्या नियमांत डोक्यावरचा भारा, सायकल आणि हातगाडी एवढंच होतं. ६ सप्टेंबर २०१२ च्या दुरुस्तीनं योग्य ते कोणतंही वाहन आलं, आणि वाहतूक परवाना द्यायचा अधिकार ग्रामसभेच्या समितीकडे आला. गडचिरोलीत मेंढा (लेखा) गावानं बांबूचा परवाना २७ एप्रिल २०११ ला स्वतःच्या हातात घेतला, केंद्रीय मंत्री जयराम रमेश यांना गावात यावं लागलं. मेंढ्याला कुणी पास दिला नाही. पासाचं पुस्तकच त्यांनी घेतलं.

तेव्हा मोह गळायच्या आत प्रत्येक टोल्यानं एवढं करायचं. कोणत्या वाटेनं, कोणत्या मोहाकडे, कोणत्या बोडीकडे, कोणत्या देवाकडे जातो ते म्हाताऱ्या माणसांकडून विचारून वाटांची नावं लिहून घ्या. नावं नसतील तर ज्या नावानं हाक मारता तेच लिहा, 'म्हसरीच्या खोंगातली वाट' म्हटलं तरी चालतं. दावा केलेला नसेल त्या दोन म्हाताऱ्यांची लेखी साक्ष घ्या, नियम १३ मध्ये ती पुरावा म्हणून चालते. निस्तार पत्रक आणि गाव-नकाशाची नक्कल तहसीलमधून काढा. सामूहिक दाव्याला हे सारं जोडा. ग्रामसभेचा ठराव करा की या वाटांवर गावातल्या कुणालाही पासाची गरज नाही आणि कुणी अडवलं तर लेखी आदेश मागितला जाईल. ठराव वाचून दाखवा, बायांच्या सह्या आणि अंगठे आधी घ्या, कारण अडवतात त्यांनाच.

ठरावाच्या तीन प्रती करा. एक उपविभागीय समितीकडे, एक वन परिक्षेत्र कार्यालयात, एक गावात. पोच घेताना तारीख आणि शिक्का दोन्ही बघून घ्या, नुसत्या सहीवर परत येऊ नका.