डब्यातले बळ आणि कोंड्यातले बळ

हल्ली ज्यास त्यास थकवा आला आहे. पेढीवर बसणारा व्यापारी दुपारी जांभया देतो, कचेरीतला कारकून तिसऱ्या प्रहरी चहावाचून उठत नाही, आणि घरातील गृहिणी तर थकली आहे हे कोणी तिला विचारीतही नाही. ह्या सार्वत्रिक थकव्यावर 'नैसर्गिक शक्तिवर्धक' म्हणून जे डबे, चूर्णे व गोळ्या बाजारात येतात, त्यांचा खप अर्जुनी मोरगावच्या बाजारापर्यंत पोहोचला आहे. इटियाडोहच्या पाण्यावर जेथे धान पिकते, मोहाची झाडे जेथे दाराशी उभी आहेत, तेथील मनुष्याने शक्तीसाठी परगावचा डबा फोडावा, ह्यास काय म्हणावे?

डबा विकत घेऊच नये असे आमचे म्हणणे नाही. परंतु कोणताही दावा मान्य करण्यापूर्वी पुरावा मागावा, हा न्यायाचा पहिला नियम होय. आणि तो मागू लागलो की बहुतेक डबे निरुत्तर होतात. 'हेल्थ ड्रिंक' ह्या शब्दाची व्याख्या २००६ च्या अन्नसुरक्षा कायद्यात मुळी नाहीच. म्हणूनच दूध, धान्य किंवा माल्टची पेये ह्या सदराखाली विकू नयेत, असे अन्नसुरक्षा प्राधिकरणास २०२४ च्या एप्रिलात ऑनलाइन विक्रेत्यांस बजवावे लागले. 'नैसर्गिक' ह्या शब्दाचीही तीच गत. अश्वगंधा नैसर्गिकच आहे. तरी डेन्मार्कने २०२३ साली आहारपूरक पदार्थांत तिचा वापर बंद केला. आमचे वैद्य ती देतात ती प्रकृती पाहून व मात्रा ठरवून. डब्यास रोग्याची नाडी कोठून कळणार?

आता घरची गोष्ट पाहू. गोंदिया जिल्हा धानाचा आणि राईस मिलचा. तांदूळ जितका पांढरा तितका भाव अधिक, म्हणून गिरणीत त्यास घासून घासून चकचकीत करितात. त्या घासण्यात जो कोंडा निघतो त्याबरोबर 'ब' वर्गातील जीवनसत्त्वे निघून जातात. आणि अन्नापासून बळ निर्माण करण्याच्या कामी शरीरास हीच लागतात. जावा बेटात आइकमान नावाच्या डच डॉक्टरास १८९० नंतरच्या दशकात असे दिसले की, पांढऱ्या तांदळावर पोसलेल्या कोंबड्या लुळ्या पडतात व कोंडा मिळताच उभ्या राहतात. ह्याच शोधातून जीवनसत्त्वांचे शास्त्र निघाले व १९२९ साली त्यास नोबेल पारितोषिकाचा वाटा मिळाला. आम्ही मात्र कोंडा फुकून देतो आणि त्यातील गुण गोळीच्या रूपाने दामदुपटीने परत घेतो! कमी घासलेला किंवा उसना तांदूळ घ्यावा. धान भिजवून वाफविल्याने ह्या गुणांचा काही अंश दाण्यात मुरतो व घासल्यावरही टिकतो.

ह्याच मुलखात मुनग्याचा व तरोट्याचा पाला आहे, जवस आहे, हरभरा आहे, आवळा आहे, आणि ज्यांस चालते त्यांस तलावातील व बोड्यांतील मासळी आहे. मोहफूल म्हटले की लोकांस दारू आठवते; पण वाळविलेल्या फुलांत साखर भरपूर असते व त्यांचे लाडू उत्तम होतात. पालेभाजीवर लिंबू पिळावे किंवा जेवणात आवळा ठेवावा म्हणजे तिच्यातील लोह अंगी लागते. जेवणावर लगेच चहा घेतला म्हणजे ते वाया जाते. ह्या सुधारणेस कवडीचा खर्च नाही.

परंतु ह्याहून महत्त्वाची गोष्ट पुढेच आहे. थकवा हा रोग नव्हे, रोगाची वर्दी आहे. तो रक्त कमी असल्याने येतो, मधुमेहाने येतो, कंठग्रंथी मंदावल्याने येतो, नुसत्या अपुऱ्या झोपेनेही येतो. शुद्ध शाकाहारी मनुष्यास ब-१२ कमी पडले तर पालेभाजीने ते भरून निघत नाही. तेथे डॉक्टराने दिलेली गोळीच योग्य. आमच्या पूर्व विदर्भात सिकलसेलचा आजार घरोघर दबा धरून आहे. अशा रोग्यास वारंवार रक्त द्यावे लागले तर शरीरात लोह साचत जाते. त्याने आपल्या मनाने लोहाचा डबा घेणे म्हणजे विषाची परीक्षा पाहणे होय. सरकारने २०२३ च्या जुलैत ह्या आजाराच्या निर्मूलनाची मोहीम काढिली असून ४० वर्षांपर्यंतच्या सात कोटी लोकांची तपासणी करण्याचे योजिले आहे. तिचा लाभ घ्यावयाचा सोडून जाहिरातीकडे धावणे हे शहाणपण नव्हे.

आणि आमच्या घरातील स्त्रिया? २०१९ ते २०२१ च्या राष्ट्रीय पाहणीत महाराष्ट्रातील १५ ते ४९ वयाच्या स्त्रियांपैकी शेकडा ५४ जणींस रक्ताची उणीव आढळली. सर्वांस वाढून उरलेले आपण खावे, ह्या रूढीस आम्ही सद्गुण म्हणत आलो. वस्तुतः तो घरच्याच मनुष्यावर चालविलेला अन्याय आहे. जो गृहस्थ स्वतःसाठी शक्तीचा डबा आणतो, त्याने आधी पत्नीचे ताट आपल्या ताटाबरोबर मांडावे.

व्यापारी बंधूंस आमची एवढीच विनंती की, चकचकीत तांदळाशेजारी उसन्याचे पोतेही दर्शनी मांडावे, आणि डबा विकताना गिऱ्हाइकास 'रक्त तपासले काय?' असे एकदा विचारावे. कोंड्याचा मांडा करणारी गृहिणी आम्ही वाखाणतो; पण मांडा टाकून कोंडा करणारे आम्ही, ह्याची लाज आम्हांस केव्हा वाटणार?